फ्रीजरमधल्या शेवटच्या कृमीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, जनावरांच्या यकृतातल्या पर्णकृमींच्या अभ्यासात हयात घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पतीला. त्यांची दृष्टी गेली आहे. कपाटे-खुर्च्या चाचपत ते घरभर फिरतात. म्हणून ते असेपर्यंत एकही खुर्ची हलवू नये. चिरंजीव, घर विकून बाबांना तुझ्याकडे न्यायचा बेत तू प्रेमानेच केलास, कळते मला. पण तुझ्याकडे ते पाहुणे होतील. त्यांच्यानंतर घर तुझेच.

२. बँकेतली ठेव सूनबाईला. कृमी ठेवलेल्या आमच्या फ्रीजला तिने नाक मुरडले, पण माझ्या आजारपणात कशालाच नाही.

३. प्रयोगातल्या जेलच्या वाळवलेल्या पारदर्शक चकत्या आणि त्या ज्यावर ठेवून पाहायच्या ती दिव्याची पेटीही तिलाच. सूनबाई, या कृमींच्या दिसायला सारख्या अशा दोन जाती; त्यातल्या एकीला आम्ही लांबोडा म्हणतो. हे आणि मी एकाच प्रयोगशाळेत; हे त्या सूक्ष्मदर्शकातून नजरेने ओळखत. मी कृमी वाटून त्यातली प्रथिने विजेच्या जोरावर जेलमधून पळवी. निळे पट्टे उमटत, प्रत्येक जातीचे निराळे. आता रोज चहानंतर मी पट्टे वाचते, हे जात सांगतात.

"वरून तिसरा ठळक," मी म्हणते.

"लांबोडा! दुसरं कोण असणार?" हे ओरडतात.

हा खेळ तू पुढे चालव. मुद्दाम चुकीचे वाचून त्यांना जिंकू देऊ नकोस. लगेच ओळखतात.

४. माझ्या शोधनिबंधावर स्वतःचे नाव आधी घालणाऱ्या माजी संचालकांना काही नाही. शोकसभेत भाषणही नाही.

५. फ्रीजरमध्ये एक कृमी शिल्लक आहे. तो ज्या यकृतातला, त्याच यकृतातल्या दुसऱ्या कृमीच्या जेलवर दोन्ही जातींचे पट्टे उमटले होते. मी म्हणते, हा संकर. हे म्हणतात, "तू दोन कृमी एकत्र वाटलेस, कबूल कर!" यावरून आमचे वर्षानुवर्षे वाजते आहे. उरलेला तपासला की निकाल लागेल: त्यातही दोन्ही जातींचे पट्टे आले, तर मी खरी. पण भांडण मिटवायची दोघांनाही हौस नव्हती.

माझ्यामागे हे अन्न टाकतील, ओळखून आहे मी त्यांना. तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने घरी येऊन सांगावे, "सर, तो कृमी जेलवर चालवायचाय. पण तुम्ही जेवून प्रयोगशाळेत आलात तरच." ते येतील.

निकाल त्यांच्या बाजूने लागला, तर तिने त्यांचा हात धरून माझ्या वतीने म्हणावे, "चुकलं माझं." हे ऐकायला ते फार थांबले आहेत, आणि जिवंतपणी मी ते म्हणणार नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला, तर काही बोलू नये. हात मात्र धरावा.

सही

साक्षीदार : १. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. प्रयोगशाळेतले निवृत्त भांडारपाल (सही)

ठिकाण : राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार