नमुन्यातली तारीख

४ नोव्हें.
धंद्यात दीर भागीदार नसावा. सचिनभाऊजींशी सकाळपासून वाद. साखर कारखान्याला ऊसतोडीच्या पाळीचं ॲप पाहिजे, कुणाचा ऊस कधी तुटणार त्याचं. मी म्हणते, आधी सगळे नियम लिहून सही घेऊ, मग आराखडा, मग कोड, मग तपासणी. ते म्हणतात, चार दिवसांत कच्चं काहीतरी दाखवू, चुका तेच सांगतील.
"वहिनी, तुमचे कागद कोण वाचणार हाय?"
वाचतील. न वाचायला काय झालं!

७ नोव्हें.
एकोणीस पानं घेऊन बीडहून कारखान्यावर. शेतकी अधिकाऱ्यांनी थेट शेवटचं पान उघडलं आणि सही ठोकली. "मॅडम, तुमी लिवलंय म्हंजे बरोबरच असंल." एक प्रश्न नाही. जीव जळला नुसता.

११ नोव्हें.
भाऊजींचं कच्चं ॲप दाखवलं. त्याच साहेबांनी पाच मिनिटांत चूक काढली. "नुसत्या लागणीच्या तारखेवर काऊन लावलंय? वाण बघा, खोडवा हाय का ते बघा." जुन्या बुडख्याला फुटलेला खोडवा लवकर तोडीला येतो, माझ्या एकोणीस पानांत हे कुठंच नाही. भाऊजी बरोबर निघाले. लिहायला जड जातंय, पण निघाले.

१३ नोव्हें.
दुसरा नमुना. 'शेतकरी १, शेतकरी २' भिकार दिसत होतं. मीच म्हटलं, आपल्या गावाची खरी नावं टाका, साहेबांना बरं वाटेल. तारखा मनाच्या. कारखान्याच्या गट ऑफिसात सगळ्यांसमोर दाखवलं. साहेब लई खूश.

१४ नोव्हें.
घात झाला. काल गट ऑफिसात कुणीतरी स्क्रीनचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला, 'तोडीचा प्रोग्राम आला'. दिवसभर फोन. हा फक्त नमुना आहे, असं चारदा टाकलं. वाचलं असेल सगळ्यांनी. वाचलं असेलच ना?

२० नोव्हें.
भागवतआप्पा बीडला आमच्या ऑफिसात आले. गावाकडं आमच्या शेजारचं रान त्यांचं. साधा फोन, ग्रुप कुठला असणार. हॉटेलात कुणीतरी यादी वाचून दाखवली, आप्पा २ डिसेंबर. तोडीआधी उसाचं पाणी बंद करतात, तसं केलं. वर सामाईक विहिरीवरची आपली पाळी भावाला देऊन टाकली. कित्येक वर्षं दोघं बोलत नव्हते, या पाण्यामुळं बोलले. भावानं त्या भरवशावर गहू पेरला.
कारखान्याच्या हिशेबानं खरी पाळी जानेवारीअखेर. तोवर पाण्यावाचून ऊस वाळून जाणार.
"कम्प्युटरवर आलंय म्हंजे पक्कं, असं वाटलं सूनबाई."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ नोव्हें.
साहेबांना विनवलं, आप्पांना वर घ्या. "घेतो की. खाली कुणाला ढकलू, तेवढं तुमी सांगा."
मग राग भाऊजींवर काढला. त्यांनी ऐकून घेतलं. "वहिनी, तुमच्या पद्धतीनं गेलो असतो तर आप्पा वाचले असते. पण ॲप चुकीचंच झालं असतं, अन् ते अख्ख्या गावाला जानेवारीत कळलं असतं."
खरंय. आणि खरी नावं टाका हे ते म्हणाले नव्हते.

२२ नोव्हें.
गावी. आप्पांचा बांध. उसाची पानं सुकायला लागलीत. सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून सांगितलं. आप्पांनी एवढंच विचारलं, "मग खरी तारीख कवाची?"
"जानेवारीअखेर. पण तीही बदलू शकते."
"म्हंजे तुलाबी ठावं न्हाई."
"न्हाई, आप्पा."
आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून भावाच्या वस्तीकडं निघाले, पाणी परत मागायला. मी येते म्हटलं. "नगं. त्याला वाटंल साक्षीदार आणलाय."
तास होऊन गेला. बांधावर बसून लिहितेय. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाणी अजून गव्हाकडंच चाललंय.