रोज एक नवा हुन्नर

उदगीर,
ता. ९ मे १९८६

आदरणीय चांगुणाआत्यांना सिंधूचा सविनय जयभीम.

तुमची, मामांची आणि म्हशीची तब्येत ठीक असेल असं धरून लिहिते. (म्हशीचं आधी विचार, असं बाबा म्हणाले होते, पण मी वडीलधाऱ्यांचा मान पाळला.) इकडे टँकर तिसऱ्या दिवशी येतो, बाकी सर्व क्षेम.

पत्रास कारण की, मार्चमध्ये नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीतून साहेब आले होते. (लातूरला जिल्हा होऊन चौथं वर्ष सरत आलं, पण लोक अजून 'नवा'च म्हणतात, मूल होईपर्यंत सून नवी असते तसं असावं.) त्यांनी बायांना योजना समजावली. रोज एक नवा हुन्नर शिकायचा, वहीत तारीखवार मांडायचा, असे साठ दिवस. जिच्या वहीत खाडा नाही, तिला शिवणवर्गाची मास्तरीण नेमणार. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून साहेबांचं वाक्य पुरं होण्याआधीच बाबांनी माझं नाव देऊन टाकलं.

आता तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. वहीवर 'नवीन कौशल्य' असं छापलेलं होतं. काल केलेलं आज नवीन कसं म्हणायचं? म्हणून मी कुठलीच गोष्ट दुसऱ्या दिवशी केली नाही. टाइपरायटरवर डावा हात बसला, उजवा तसाच राहिला. शेजारच्या लक्ष्मम्माकडून तेलुगू शिकले, पण तेवढ्यात तिचं चुलीवरचं वरण उतू गेलं, त्यामुळे मला तेलुगूत सहापर्यंतच मोजता येतं. सायकलवर बसणं आणि पायडल मारणं जमेपर्यंत दिवस मावळला; उतरणं राहूनच गेलं. उतरले ती थेट टँकरच्या रांगेत, अकरा घागरींवर. धोंडाबाई म्हणाली, "शिकल्याली हाय म्हणं! बिरेक काय मॅट्रिकच्या फुडं शिकवतेत का गं?" ब्रेक हा सायकलीतच मोडतो, त्याची वेगळी नोंद होत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ती बाकीच्यांना म्हणाली, "पोरीला वारा घाला."

गेल्या आठवड्यात साहेब तपासणीला आले. मी रात्रभर विचार करून खरं सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी बोटाला थुंकी लावून साठही पानं मोजली, समास पाहिला. मी म्हणाले, "साहेब, यातलं मला एकही धड येत नाही." ते म्हणाले, "बाई, येतं की नाही, याला वहीत रकानाच नाही." आणि मला तालुक्यात पहिली केलं. बाबांनी अख्ख्या रांगेला गूळ-शेंगदाणे वाटले.

वर्ग एक जूनला सुरू होतो. तीस बाया आहेत. शेतात काम नाही म्हणून सगळ्या खडी फोडायला जातात. शिवण आलं तर खडी सुटेल, या आशेवर त्यांनी नावं घातलीत. आणि माझ्या वहीत शिवण म्हणजे एक दिवस : सुईत दोरा ओवणे. काल सरजाबाई लेकीच्या पोलक्याचं कापड घेऊन घरी आली. म्हणाली, "मास्तरीणबाई, पैलं माझंच बेत. येवढंच हाय, दुसरं न्हाई." ते कापड मी कागदात गुंडाळून पेटीत ठेवलं आहे.

मामांना माझा जयभीम सांगावा. चुकलं असल्यास लेकरू समजून घ्यावं.

तुमची भाची,
सिंधू

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. तुम्ही देगलूरच्या बाजारात वीस वर्षं पोलकी शिवता. मला पंधरा दिवस ठेवून घ्या. रोज तेच एक पोलकं शिकवा, हवं तितक्या वेळा उसवायला लावा. सरजाबाईचं कापड सोबत आणते, पण त्याला कात्री शेवटच्या दिवशी. राजीनाम्याचा विचारही केला होता. पण मग दुसऱ्या नंबरच्या बाईंना नेमतील, आणि त्यांच्या वहीत साठ दिवसांच्या साठ रांगोळ्या आहेत.

आणखी एक : मास्तरणीनं शिकायला जाणं बाबांना कमीपणाचं वाटेल, म्हणून तुमचे गुडघे धरलेत, तुमच्या मदतीला जाते, असं त्यांना सांगितलं आहे. आत्या, मी जन्मात कधी खोटं बोललेली नाही. तरी मी येईपर्यंत गुडघे थोडे दुखू द्यावेत, ही नम्र विनंती.