डबीच्या आतलं काम

मंगळवार, ९ तारीख
दुपारचे अडीच, दुकानामागची खोली

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं. दाजींची पाठ आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, बाबा नेहमीसारखे गुरगुरतात, म्हणजे घर चालू आहे.

पंधरा तारखेच्या आत हो की नाही ते कळव, असं तू लिहिलंयस. तुमच्या साहेबांना माझी क्रॉसओव्हरची चित्रं आवडली, ते स्पीकरच्या विभागात जागा धरून बसलेत, तिथे आवाज मोजायची वेगळी खोली आहे, आणि हा गाढव दोन पत्रं झाली तरी तोंड उघडत नाही. खरंय तुझं. रागाव. तुझ्या जागी मी असतो तर इकडे येऊन दोन धपाटे घातले असते.

फोन का करत नाहीस म्हणतेस, तर फोन कानाला लावला की बाबा स्टूल ओढून शेजारी बसतात. तुझ्या पाकिटाबद्दलही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तारेच्या कंपनीचा कॅटलॉग आलाय. आता रोज विचारतात, नवीन काय आहे त्यात. घ्या!

तर कारण असं की काम फार आहे. या महिन्यात स्पीकर बसवून घ्यायला अकरा गाड्या आल्या. तयार क्रॉसओव्हर बाजारात ढिगाने मिळतात, पण लोकांना बाबांच्या हातची डबीच हवी. साहेबांना समजावताना तू गोंधळलीस म्हणालीस, म्हणून सोपं करून सांगतो. जाड आवाज दारातल्या मोठ्या स्पीकरला, बारीक आवाज वरच्या छोट्या ट्विटरला. मधे ही वाटणी करणारी डबी, तो क्रॉसओव्हर. मोठ्याच्या वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल, छोट्याच्या वाटेवर कपॅसिटर, आणि छोटा फार किंचाळू नये म्हणून एक रेझिस्टर. कॉइल आम्ही हाताने गुंडाळतो. वेढे मोजताना मधेच कुणी हाक मारली की पहिल्यापासून सुरुवात. माझ्या अंगठ्याला आता घट्टा पडलाय, दाखवीन तुला कधी.

हिशोब कागदावर होतो, पण शेवटचा शब्द बाबांच्या कानाचा. ते गिऱ्हाइकाच्या गाडीत बसतात, काचा वर करतात, डोळे मिटून एकच गाणं तीनदा ऐकतात आणि सांगतात, रेझिस्टर बदल. अख्खी बाजारपेठ त्यांना 'कानवाले काका' म्हणते. असं काम सोडून एकदम कसं निघायचं?

हे कारण तुला पटणार नाही. लिहिताना मलाही पटेना.

बरं, सांगतो. पण हे दाजींनाही सांगू नकोस.

बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाही, ताई. दोन वर्षं झाली. मी आवाज तपासायची एक सीडी आणली होती. त्यात नुसती शिट्टी, जाड सुरू होऊन बारीक बारीक होत जाणारी. बाबा गाडीत डोळे मिटून बसले होते. शिट्टी चढत गेली, माझे दात शिवशिवायला लागले, आणि बाबा डोळे उघडून म्हणाले, "बंद का केलीस?"

ती चालू होती. मी घाईघाईने बटण दाबलं आणि म्हटलं, "संपली, बाबा."

तिथेच खरं बोललो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्यानंतर त्यांना प्रत्येक गाडी कोंदट वाटायला लागली. "अजून उघड, अजून उघड," करत ते रेझिस्टर कमी करत जातात. जिथे चार ओहमचा हवा तिथे एकचा. ट्विटर असा किंचाळतो की कानात सुई गेल्यासारखं होतं, आणि बाबा समाधानाने मान हलवतात. "आता कसा मोकळा झाला!"

मग ते चहाला वर जातात आणि मी डबी उघडतो. एकचा काढून चारचा लावतो. नुसता तेवढा बदलून भागत नाही, कपॅसिटरही लहान घालावा लागतो, नाहीतर नको तो जाड आवाज ट्विटरकडे जायला लागतो. झाळकाम बाबांसारखंच करायचं, वर त्यांच्यासारखाच पांढरा दोरा गुंडाळून लाखेचा हात मारायचा, की डबी बंद. अर्ध्या तासात. गंमत बघ, आई बरोब्बर डबी तयार झाली की चहाला हाक मारते. आम्ही दोघं याबद्दल एका अक्षराने बोललेलो नाही. ती हल्ली बाबांशी सगळं दोनदा बोलते, दुसऱ्यांदा आवाज जाड करून.

डॉक्टरांचा विषय काढणार होतो. तेवढ्यात शेजारच्या घड्याळवाल्याने कानात मशीन घातलं आणि बाबांनी आठवडाभर त्याची टर उडवली. म्हणाले, "त्याचं काय बिघडतंय, त्याला डोळे हवेत. मी असलं यंत्र घातलं तर माझ्याकडे गाडी कोण आणेल?" हसत म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मग माझी हिंमतच झाली नाही.

आणि एक कबूल करतो. सुरुवातीला मला मजा येत होती. गिऱ्हाईक बाबांचे हात हातात घ्यायचं आणि मी मागे कोपऱ्यात फुशारायचो, की हे माझं आहे. आता नुसता जीव गुदमरतो. सगळी बाजारपेठ म्हणते, बापासारखा कान पोराला नाही, आणि मी मान डोलावतो. अगं, मी चौतीस वर्षांचा झालो!

बाबा उठले वाटतं. पुढचं नंतर.

गुरुवार, ११ तारीख

परवा हे कागद तारेच्या रिळाखाली सरकवले ते आज काढले. मधे जे झालं ते घाईघाईत लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

काल शाळेची व्हॅन चालवणारे काका आले. जुनी व्हॅन विकून नवी घेतली, पण स्पीकर आणि डबी जुनीच हवी, कारण "असा आवाज परत मिळायचा नाही." मी समोर टेपची वायर शोधायला गेलो होतो. येतो तर बाबांनी डबी फोडलेली. वायर लांब करायला म्हणून उघडली आणि आत बघत उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

"मी," म्हटलं. "चुकून चारचा लागला असेल."

"कपॅसिटरसकट चुकून?" त्यांनी तो चिमटीत धरला. "हिशोब चोख आहे तुझा. म्हणजे मुद्दाम केलंस. माझ्या कामात हात घालतोस? माझ्या?"

व्हॅनवाले काका बिचारे म्हणाले, "पण काका, आवाज तर एक नंबर होता की!"

ताई, एवढंच पुरे होतं. बाबांनी अजून एक प्रश्न विचारला असता तर सगळं उघडं पडलं असतं. माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, की बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? "व्हॅनवाल्या काकांना काय कळतंय त्यातलं." ज्या माणसाने माझं काम ओळखलं त्याचाच मी चारचौघांत पाणउतारा केला.

बाबांनी स्वतः बसून एकचा रेझिस्टर लावला, कपॅसिटर मोठा केला, गाणं लावलं. व्हॅनवाल्या काकांचा खांदा कानाकडे उचलला गेला. त्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बाबांच्या मागे उभा राहून हात जोडले. त्यांनी खांदा खाली घेतला. मग म्हणाले, "झकास, काका." भला माणूस. सोमवारी बाबा बँकेत जातात तेव्हा त्यांना परत बोलावलंय, डबी बदलून द्यायला. पोरं बसतात गं त्या व्हॅनमध्ये.

मला वाटलं, आता घरी बॉम्ब फुटणार. फुटला नाही. जेवताना बाबा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तू ताईकडे जा."

मला वाटलं, तुझं पत्र सापडलं. पण नाही, त्यांच्या मनानेच आलेलं. "तिच्या कंपनीत बघेल ती काहीतरी. मोजायचं, लिहायचं काम. तिथे तुझा हिशोब कामाला येईल. गाडीत बसून ऐकायचं काम तुझं नाही. तुला कान नाहीत, बाळा. त्यात तुझा काही दोष नाही."

बाळा म्हणाले. किती वर्षांनी. आई वाढता वाढता थांबली, डाव तसाच हातात. मी खाली ताटात बघत राहिलो. मला रडू येत होतं आणि त्यांना वाटलं, बोललेलं लागलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

म्हणजे आता मी सुटलो. कुणाला फसवायचं नाही, कुणाशी भांडायचं नाही. बॅग भरायची आणि यायचं, तेही बापाच्या आशीर्वादाने. काल रात्रीपर्यंत मी तसंच धरून चाललो होतो, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडच्या त्या खोलीत मी कुठे बसेन हेही ठरवून झालं.

पण सकाळी बाबांनी एकट्याने एक डबी पुरी केली. तीनदा ऐकली. मान हलवली. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून गाडीची किल्ली मागत होतं आणि आई वरून हाकेवर हाक मारत होती, "चहा झालाय! अहो, चहा!" एवढ्या जोरात तिला ओरडताना मी कधी ऐकलं नाही. मी गेल्यावर ती कुणासाठी हाका मारेल? पहिल्या महिन्यातच बाजारपेठेला कळेल आणि बाबांना सगळ्यात शेवटी.

म्हणून माझं उत्तर नाही आहे, ताई. साहेबांना सांग, जागा दुसऱ्याला द्या. कारण काय सांगायचं ते तू ठरव.

हे पत्र आजच कुरिअरने टाकतो, म्हणजे शनिवारपर्यंत पोचेल, कारण एक काम मात्र तुलाच करावं लागेल. रविवारी सकाळी बाबा तुला फोन करणार आहेत, माझ्यासाठी शब्द टाकायला. त्यांनी आजवर कुणाकडे शब्द टाकलेला नाही, तुला ठाऊक आहे. ते अडखळतील. तू त्यांचं सगळं बोलणं ऐकून घे आणि मग म्हण, जागा भरली.

जाड आवाजात, सावकाश म्हण. तुझा आवाज पातळ आहे, फोनवर तुझे निम्मे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांना कळलं नाही तर ते फोन माझ्या हातात देतील आणि विचारतील, काय म्हणतेय ती? मग तेसुद्धा मलाच सांगावं लागेल.

दाजींना नमस्कार सांग, पण पत्र वाचून झालं की फाडून टाक.

तुझा,
इथेच असलेला
धाकटा