दुपारी तीन वाजताचं घर

१२ मार्च, गुरुवार

घर सकाळी आठलाच दाखवायचं, असं सलिलने बजावलं. आमचा दलाल. म्हणाला, "काका, सगळ्यात वरचा मजला, वर उघडा स्लॅब, बेडरूमची भिंत पश्चिमेला. दुपारी कुणी आलं तर जिन्यातूनच परत जाईल. हल्ली लोक वास्तू नंतर विचारतात, आधी मे महिन्याचं लाइट बिल मागतात." कर्वेनगरातल्या नव्या, सोलरवाल्या इमारतींचा भाव चढता. आमचा उतरता.

वीस वर्षांपूर्वी घेताना मी फक्त दार पाहिलं — पूर्वेचं. देवघर ईशान्येला. डोक्यावर काय आहे ते पाहिलंच नाही. तेव्हा एप्रिलातही पहाटे पांघरूण लागायचं.

१५ मार्च, रविवार

तनुजा आणि आमोद घर बघून गेले. तरुण जोडपं, चार महिन्यांची मुलगी. माझी पूजा नुकतीच झाली होती. उदबत्तीचा वास, खिडकीतून वारा. तनुजा म्हणाली, "किती शांत वाटतं हो काका इथे." मुलगी पश्चिमेच्या भिंतीखाली सतरंजीवर झोपून गेली.

दुपारी ती भिंत कशी तापते, ते मी सांगितलं नाही.

१९ मार्च, पाडवा

सौदा ठरला. निम्मे पैसे आमोदचे वडील घालणार. भाव बराच पाडून मागितला, मी ताणलं नाही. हडपसरला पहिल्या मजल्यावरचं घर मिळतंय — उत्तरेच्या खिडक्या, दिवसभर सावली. विसार अक्षय्य तृतीयेच्या आत द्यायचा.

बायको, आनंदी, भांडी लावताना गुणगुणत होती. किती दिवसांनी ऐकलं.

२४ मार्च

एकोणचाळीस. दिवेलागण झाली तरी भिंतीला हात लावता येत नाही. एसी नुसता आवाज करतो. आनंदी मानेवर ओला टॉवेल घेऊन मोरीशेजारच्या फरशीवर पडून होती. गेल्या मे महिन्यात ती ओट्यापाशीच कोसळली होती, मग दवाखाना, सलाईन. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, "यांना पुढचा उन्हाळा या घरात नको."

गावाकडची मातीची भिंत भर दुपारी गालाला लावावी अशी गार असायची. शाळेतून आलो की टेकून बसायचो.

आनंदीकडे बघत होतो आणि मनात ती तान्ही मुलगी होती. आता ती झोपणार या भिंतीखाली.

२९ मार्च, रविवार

जपात मन लागत नाही. शेवटी देवीला कौल लावला. आमच्या गावी लावतात तसा, देवीच्या चांदीच्या टाकावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवून. उजवी पडली तर त्या लोकांना सांगायचं. उजवी पडली. पण पंखा चालू होता. तो बंद करून पुन्हा लावल्या, तर कुठलीच पडेना. माझीच बोटं घामाने भिजलेली.

तरी आमोदला फोन केला. पुढच्या रविवारी दुपारी तीनला या म्हटलं, वडिलांनाही आणा. आनंदीला सांगितलं नाही. ती नको म्हणेल.

५ एप्रिल, रविवार

आले तिघंही. मी पंखे, एसी बंद ठेवले होते. भिंतीला हात लावायला सांगितला. बिल दाखवलं. आनंदीचं दुखणंसुद्धा सांगितलं. तनुजा सारखी म्हणत होती, "काका, असू दे ना." मला वाटलं, भिडस्त मुलगी.

आमोदच्या वडिलांनी कपाळ पुसलं. म्हणाले, "तंदूर घराबरोबरच मिळतो, की वेगळा घ्यायचा?" आणि चपला घातल्या.

आनंदीने पाणी आणलं होतं. तसंच परत नेलं.

ते गेल्यावर मला हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

७ एप्रिल

सौदा मोडला. सलिल म्हणाला, "काका, आता थंडीत बघू. तोवर या घराचं नाव काढू नका." हडपसरवाले थांबायला तयार नाहीत, त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे.

मे इथेच काढायचा.

८ एप्रिल

एक्केचाळीस.

९ एप्रिल

आनंदीला म्हटलं, "त्या मुलीसाठी केलं गं. त्यांना अंधारात ठेवून कसं विकायचं?"

ती टॉवेल पिळत होती. म्हणाली, "तनुजाला मी पाडव्याच्या आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. भाव उगाच पाडला का त्यांनी? उरलेल्या पैशांत गच्चीवर ऊन अडवणारा थर घालून घेणार होते. आमोदच्या वडिलांना ते पटलं नसतं, म्हणून त्यांना तेवढं सांगायचं नव्हतं."

मला का नाही बोललीस, विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे? देवीला विचारलंत. मी इथेच होते, फरशीवर."