नर्स कोणाला म्हणायचं

९ जाने.
ह्यांचं तेरावं आटोपलं. पाहुणे गेले. अजय आहे अजून, बंगळुरूचं तिकीट पुढं ढकललंय पोरानं.
मंदा सकाळी सातला आली. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून तीन वर्षं ह्यांचं करायला यायची तशीच, सवयीनं. कॉटवरची चादर काढली, धुतली, वाळत घातली. मग रिकाम्या कॉटपाशी उभी राहिली. "आता काय करू, बाई?"

११ जाने.
अजयनं विचारलं, बाबांच्या नाकातली नळी निघाली त्या दिवशी ती परत कोणी टाकली? दवाखान्यात म्हणे डॉ. बोलले, पेज फुप्फुसात गेली, नळी चुकीची बसली असणार. चौथ्या दिवशी हे गेले.
मी म्हणाले, मंदानं.
खरंच आहे. पण अर्धंच. डॉ. फोन उचलत नव्हते. नर्सिंग ब्युरोची शिकलेली नर्स दुपारनंतर येणार होती. ह्यांच्या पोटात सकाळपासून काही नाही. मंदा म्हणत होती, थांबू या. मीच म्हणाले, अगं टाक तू, मागं टाकली होतीस की.
हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, का मीच...

१४ जाने.
अजयनं मंदाविरुद्ध पो. स्टे.ला अर्ज दिला. मला न विचारता. ब्युरोच्या कागदावर मंदाच्या नावापुढं 'नर्स' लिहिलेलं त्याला सापडलं.
मंदा सातवी शिकलेली. शेंद्रा गावची. शेत एमआयडीसीच्या कंपन्यांत गेल्यावर हे काम धरलं तिनं. 'नर्स' तिनं नाही, ब्युरोवाल्यानं लिहिलं होतं. मला माहीत होतं सगळं. शेजारच्यांना मीसुद्धा ऐटीत सांगायचे, आमची नर्स आहे म्हणून.

१७ जाने.
पो. स्टे. फौजदार मॅडमनी कायद्याचं पुस्तक उघडून समजावलं. डॉक्टर कोणाला म्हणायचं, नर्स कोणाला म्हणायचं. नर्सिंग परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे ती नर्स. नाव नाही तर नळीला हात लावायचा अधिकार नाही.
मी विचारलं, कूस बदलणं, अंग पुसणं, तीन वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिनं, ते कशात बसतं?
"आजी, त्याची व्याख्या इथं नाही."
मंदा बाकावर बसली होती, डोक्यावर पदर. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं म्हणून टाकली मी. व्हय ना?"
अजय शेजारी होता. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

१८ जाने.
ह्यांना बोलता येत नव्हतं. मंदा दारात आली की डावा हात हलवायचे. माझ्यासाठी कधी नाही हलवला. राग यायचा मला. इथं तरी खरं लिहावं, यायचा. त्या रागानंच तिचं नाव घेतलं का मी? नाही. भीतीनं घेतलं. बहुतेक.

२१ जाने.
अजयला सांगितलं. सगळं.
"आई, हे लिहून दिलंस तर तुझ्यावर येईल."
"येऊ दे."
"मग मी चिडायचं कोणावर?" म्हणाला आणि रडायला लागला. जवळ गेले तर माझा हात बाजूला केला.
संध्याकाळच्या विमानानं गेला. चिकलठाणा विमानतळापर्यंत येते म्हणाले. नको म्हणाला.

२२ जाने.
जबाब दिला. नळी टाक असं मी सांगितलं, मंदा नको म्हणत होती. खाली सही. मॅडम म्हणाल्या, तरी नोंदणी नसताना टाकली हा प्रश्न उरतोच. कागद वर पाठवतो, बोलावलं की या.
तिथून रिक्षा करून शेंद्रा. मंदा अंगणात मेथी निवडत होती. उठून खुर्ची दिली, पाणी दिलं.
"मी सांगितलं गं त्यांना. माझंच चुकलं."
तिनं मेथीची जुडी परत हातात घेतली. म्हणाली, "ब्युरोवाल्यानं काढलं मला. दुसरं काम बगावं तर मानसाला हात लावायचीच भीती वाटती आता."
माफ कर म्हणाले. बसून राहिले. जुडी निवडून झाली. मग तिनं दुसरी घेतली.