पाहणी पाचव्या वावरापर्यंत न्यावी

लिहून ठेवतो मी, काळ्या माघ्या भोये, धंदा शेती व गावची पाटीलकी, राहणार करंजपाडा, दाभोशाच्या अलीकडे, संस्थान जव्हार. वय सत्तरीच्या आसपास. पायांनी केव्हाच साथ सोडली, छातीत कफ वाजतो, पण डोके ठिकाणावर आहे. खात्री हवी असेल त्याने माझा मुलगा फागू यास विचारावे. बापाचे डोके अजून चालते, अशी त्याची रोजची तक्रार असते. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणील असा माणूस गावात उरलेला नाही.

हा लेख देवजी मास्तरांच्या हातून लिहवला आहे. मी बोलतो ते मास्तर शुद्ध करून लिहितात. करू देत. वाद घालायचे त्राण आता नाही, आणि जे थोडे आहे ते मला खालच्या कलमांसाठी हवे आहे.

कलम १. राहते घर, बैलजोडी, नांगर, कोयते आणि नदीकाठचे खाचर मुलगा फागू याच्या मालकीचे होईल. पाटीलकीही रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे जाईल. खाचर मात्र एका अटीवर, ती पुढे येते. माझी विधवा बहीण जानी हिला मागची पडवी हयातीपर्यंत. तिला कोणी ऊठ म्हणू नये. ती भांडते हे खरे आहे. आजवर तिच्याशी मी भांडलो, पुढे ते काम फागूने अंगावर घ्यावे.

कलम २. बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, रावणाचे सोंग नाचवण्याचा आमच्या घरचा मान शेजारी तुका यास द्यावा. मी रावण नाचतो की चिखलणी करतो ते कळत नाही, असे तो वर्षानुवर्षे लोकांना हसून सांगत आला. आता त्याने मुखवटा चढवावा आणि रात्रभर नाचून दाखवावे. त्याचे गुडघे सकाळी माझी आठवण काढतील.

कलम ३. कोंबड्या, खुराडे आणि दोन शेळ्या नात चैती, फागूची मुलगी, वय चौदा, हिच्या. विकणे, राखणे, वाढवणे तिच्या मर्जीवर; बापाने हात घालू नये. या पोरीला व्यवहार मी शिकवला, म्हणून थोडे लिहितो. पहिल्यांदा तिला जव्हारच्या बाजारी नेले, तेव्हा कोंबडीला गावापेक्षा चांगला भाव मिळाला म्हणून मी खुशीत होतो. परतताना उतारावर ती म्हणाली, "आजा, आपले दोघांचा आख्खा दीस गेला. त्याचा मोल कोण देल?"

मी म्हणालो, दिवस आपलाच होता, फुकटचा.

"फुकट कसा? घरी ऱ्हातो तं नागली निंदून झाली असती."

त्या दिवसापासून मी तिला जवळ बसवू लागलो. दसऱ्याच्या आधी कोंबडीचा भाव का चढतो, कापणी झाली की नागलीचा का पडतो, सगळे एकदम विकायला निघाले की घेणारा कसा माजतो, हे जे मला बाजारात टक्केटोणपे खाऊन कळले ते तिला चुलीपुढे बसून कळले. दोन वर्षांत माझी शिदोरी संपली. तिच्या लग्नात नवऱ्यामुलाकडून देज किती घ्यावे हे मात्र तिला विचारू नये, ती हिशेब मांडत बसेल आणि नवरदेव म्हातारा होईल. नवरा कोण, हे जरूर विचारावे.

कलम ४. आता ज्यासाठी मास्तरांना बोलावले ते. भात कापायच्या आधी दरबारचे पाहणीवाले येतात आणि गावाचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले ते नजरेने ठरवतात. आणे कमी लागले तर सारा सुटतो, जास्त लागले तर पुरा भरावा लागतो. पाहणीवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही. दाखवाल ते ते पाहतात. खोड आमची आहे. पाहुणा आला की फाटकी गोधडी आत ढकलायची आणि नवी घोंगडी अंथरायची, हे आमच्या हाडात आहे. पाहणीवाल्यांनाही आम्ही तसेच नेतो, नदीकाठच्या खाचरात. तिथे आंब्याची सावली, पाणी जवळ, आणि भात छातीएवढा. ते खाचर माझेच. माळावरची वावरे कोणी दाखवत नाही, कारण ज्याची त्याला लाज वाटते. तुका एकदा माझ्या पाया पडला. म्हणाला, "पाटील, पोर लग्नाची हाय. माझा करपलेला वावर चारचौघांत नको दाखवूस." मी पाहणी खालीच ठेवली.

तीन सालांमागे मी अंथरुणावर होतो, तेव्हा फागूने पाहणी नेली. पाहणीवाल्यांपुढे म्हणाला, "असा भात जव्हारात दुसरीकडं नाय." शाबासकी मिळाली, घरी येऊन त्याने ती मला दोनदा सांगितली. त्या साली माळावरच्या घरांनी बैल विकून सारा भरला आणि पुढच्या पावसात नांगरणीला बैल मागत आमच्याच दारात उभी राहिली. मी फागूला रागावलो नाही. रागावून थकलो होतो.

यंदा भादव्यातच पाऊस गेला. माळावर नागलीची कणसे पोकळ आहेत, वरई जळाली. हिरवे उभे आहे ते फक्त माझे खाचर. पाहणी परवा आहे. यंदा आणे जास्त लागले तर वरच्या घरांत विकायला बैलही नाहीत. ती घाटाखाली गवत कापायला जातील, आणि गेलेली सगळी परत येत नाहीत.

फागूशी हे बोलत होतो तेव्हा तो म्हणाला, शितावरून भाताची परीक्षा होते, सगळे गाव कोण हिंडणार? चैती चुलीवरचा भात ढवळत होती. ती म्हणाली, "बाबा, भात ढवळला तं कुठलापन शीत चालं. गाव कुणी ढवळलाय?"

मला इतक्या वर्षांत जे नीट सांगता आले नाही ते पोरीने पळी हातात धरून सांगितले. बरे वाटले, आणि थोडे वाईटही वाटले.

कलम ५. म्हणून गाव ढवळायचे. शिकारीचे वाटे आम्ही पूर्वीपासून खुणा टाकून काढतो, म्हणजे कुरकुर नको. तसेच प्रत्येक वावराची एक खूण, हिरडा, कवडी, बांगडीचा तुकडा, ज्याची त्याने आणून मडक्यात टाकावी. खुणा चैतीने न बघता काढाव्यात आणि निघतील ती वावरे पाहणीवाल्यांना दाखवावीत. आज सकाळी सगळ्या घरांनी खुणा आणल्या. तुकाची बायको बाळी सर्वांत शेवटी आली, पण आली.

या कलमात मी पुढे असे घातले होते की नदीकाठच्या खाचराची खूण मडक्यात टाकू नये. मास्तरांनी ते वाचून दाखवले तेव्हा चैती म्हणाली, "आजा, ता नको. चांगला तेवढाच दाखवला तो खोटा, तं चांगला लपवला तो पण खोटाच."

तुका म्हणाला, "पोरी, गावाचा विचार कर."

ती म्हणाली, "तोच करताव. एक-दोन नको काढू, पाच काढू. एकाला नशीब लागं, पाचांना सारखा नाय लागत. आन् लपवल्याचा कळला तं पुढल्या साली आपला कोण खरा मानल?"

मला राग आला, पण पोरीचे खोटे म्हणवेना. ते वाक्य मास्तरांनी माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. खाडाखोड माझी समजावी. खाचराची खूण, पांढरी कवडी, मी माझ्या हाताने मडक्यात टाकली. चैतीने मडके हलवले, मान वळवली आणि हात घातला. पहिलीच माझी पांढरी कवडी निघाली.

मग तुका हळूच म्हणाला, "परत टाक. ही मोजायची नाय." चैतीने माझ्याकडे पाहिले. परत टाक, असे माझ्याही तोंडाशी आले होते, हे कबूल करतो. पण आज परत टाकली तर ही पोर पुढे कधी कोणाला तोंड वर करून काही सांगू शकणार नाही. मी म्हणालो, राहू दे, पुढची काढ. बाकीच्या चार माळावरच्या निघाल्या. पाचवी तुकाची, अगदी वर, टेपावर. तुकाने तोंड फिरवले. बाळी म्हणाली, "दिसू दे काय दिसायचा ता."

कलम ६. आता फागूची अट. पाहणी त्याने न्यावी आणि पाचही वावरे चालत दाखवावीत. पाहणीवाले चढ बघून आंब्याखालीच बसतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून आंब्याखाली घोंगडी टाकू नये, पाणी सोडून काही देऊ नये. जेवण पाचव्या वावरात वाढावे. कोंबडीचा रस्सा आधीच वर नेऊन ठेवावा, म्हणजे वास खाली येईल. फागूने एकही वावर चुकवले तर नदीकाठचे खाचर बहीण जानी हिला जाईल आणि त्याला दर साली तिच्याकडून खंडाने मागावे लागेल. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचली नाही.

कलम ७. परवापर्यंत मी टिकेन याचा भरवसा नाही. मेलो, तर पाटलाच्या घरी मयत झाली म्हणून पाहणीवाले भल्या मनाने खालूनच आणे लिहून परत फिरतील. तसे होऊ देऊ नये. मला आतल्या खोलीत झाकून ठेवावे, दार ओढून घ्यावे, स्वयंपाक बाळीच्या घरी करावा. पाहणीवाल्यांनी विचारले तर म्हातारा झोपला आहे म्हणावे. झोप मला फार दिवसांची हवीच आहे. जानीने आणि बाकी कोणी रडू नये. पाचव्या वावरात आणे लिहून झाले आणि पाहणीवाल्यांनी हात धुतले, की मग गावाने हवे तेवढे रडावे, त्याआधी नाही.

हे ऐकून चैती म्हणाली, "आजा, मी नाय रडणार तवर." आणि मास्तर ही ओळ लिहीत असताना ती रडते आहे. तिला मी जवळ घेतले आहे. मला मरायची भीती वाटत नाही, पण हिला सोडून जायचे जिवावर येते. तेही लिहा म्हणालो.

वरील मजकूर मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे. यापूर्वी असा लेख मी केलेला नाही, आणि नवा करायला उठणार नाही.

ठिकाण करंजपाडा. मिती आश्विन वद्य पंचमी, शके १८४२.

निशाणी अंगठा, काळ्या माघ्या भोये.

साक्ष: तुका, शेजारी, निशाणी कोयता. टेपावरचे पाचवे वावर माझे. दाखवावे.

साक्ष व हस्ताक्षर: देवजी मास्तर.

मी फागू काळ्या भोये, सर्व अटी ऐकल्या. पाहणी नेईन. बाबा आज पहाटे गेले. दार ओढून घेतले आहे. निशाणी नांगर. मिती आश्विन वद्य सप्तमी.