टेक्सस मिळालं, वऱ्हाड मियालं

पंतोजी,

सरकी काढणाऱ्या रेच्यांची करकर अजून कानात आहे. अकोल्यात शाळेमागे दिवसभर रेचे चालत, आणि तुम्ही त्यांच्यावर पुण्याकडचा स्वच्छ आवाज चढवून आमच्याकडून कविता म्हणवून घ्यायचात. तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. नव्या इंग्रज सरकारच्या स्तुतीची ती कविता मी आजही पडवीत बसून गुणगुणतो, नि नातवंडं हसतात.

इंग्रज साहेब शाळा पाहायला येणार होता. त्याच्यापुढे कविता मी म्हणायची, तो खूश झाला तर मला अमरावतीच्या मोठ्या शाळेत घालायचं, असं तुम्ही कबूल केलं होतं. माझ्या वऱ्हाडी तोंडी ळ चा य व्हायचा; कवितेत ळ कुठंच नव्हता, म्हणून माझं निभत होतं. आदल्या दिवशी कापूस एवढा का महागला ते तुम्ही सांगत होता. अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस अडलेला. तिकडे टेक्सस नावाचा मुलूख; पूर्वी स्वतंत्र, राजा नाही, प्रजाच कारभार पाहणारी. मग लोकांनी मतं दिली आणि टेक्सस अमेरिकेला मिळालं. त्याच दमात तुम्ही म्हणालात, "तसंच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांना मिळालं."

शब्द एकच. मला शब्दांचा भारी नाद. मी उठतो नि विचारतो, "पंतोजी, टेक्सस मियालं ते सोताहून. मंग वऱ्हाड कसं मियालं? आमाले कोनी इचारलं होतं काय?"

तुमचा चेहरा क्षणभर उतरतो. मग तुम्ही हसता. "मियालं, मियालं! अरे, साहेबापुढे पोरगं उभं करू की मांजर?" पोरं खिदळतात. तुम्ही मला अंगठे धरायला लावता. "म्हण, मिळालं." मी म्हणतो, मियालं. छडी. पुन्हा मियालं. पुन्हा छडी. "अमरावतीचं विसर," तुम्ही म्हणता, "कविता दुसरा म्हणेल."

तेवढ्यात दारात सावली पडते. ओणव्यानंच मान वळवून पाहतो तर बाबा. शाळेची पायरी कधी न चढलेला माणूस, मागच्या रेच्यांवर कापूस घालता घालता सगळं ऐकलेला, मुंडाशाला कापूस चिकटलेला. वाटलं, सुटलो.

"मारा पंतोजी, थांबू नोका," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "इचारलं काय म्हन्ते! बैल इकताना बैलाले कोनी इचारते काय बे? चाल, उद्यापासून कापसाच्या गाडीवर."

तुम्ही दोघं मनापासून हसलात. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगतो: अंगठे धरलेले असतानाच मीही हसलो होतो.